घरचं सिम, कामाचं सिम

मला फोनवर बोलायला आवडत नाही. समोरचं माणूस दिसत नाही, त्यामुळे त्याचं बोलणं संपलं की थांबलंय ते कळत नाही. आपण मध्येच बोललो तर उद्धट वाटेल, म्हणून मी नुसती हं हं करत राहते. अशा बाईने फोन घेण्यासाठी महिनाभर जीव टांगणीला लावावा, याचं माझं मलाच हसू येतं. पण तेव्हा हसू येत नव्हतं.

मी म्हाताऱ्या, आजारी माणसांना सांभाळायचं काम करते. एक ब्यूरो आहे, तो घरोघरी बायका पाठवतो. गेल्या पावसाळ्यापासून मी कर्वेनगरमधल्या एका बाईंकडे आहे. बाई म्हणजे शाळेतल्या बाई, निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. वय ऐंशीच्या पुढे, एक खुबा बदललेला, डोकं मात्र चाकूसारखं. मी पंचेचाळिशीची, तरी त्या मला मावशी म्हणतात. या कामात सगळ्याच मावश्या असतात. सकाळी आठला मी जाते. त्यांना उठवणं, अंघोळ, गोळ्या, बीपी, जेवण, दुपारी व्हरांड्यात चालवणं, असं करत संध्याकाळी आठ वाजतात.

बाईंची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिला मी ताई म्हणते. माझ्या आधीची मावशी दिवसभर फोनवर व्हिडिओ बघायची आणि एकदा बाई न्हाणीघरात एकट्याच गेल्या, घसरल्या. तेव्हापासून ताईंनी नियम केला. आल्या आल्या फोन आवाज बंद करून चपलांच्या कपाटावर ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ ब्यूरोला बीपीचा फोटो पाठवायचा तेवढ्यापुरताच हातात घ्यायचा. ताई वाईट नाहीत. त्यांनी नियम सांगितला तेव्हा मला पटलाच होता. मी हं म्हणाले होते.

पण तेव्हा माझ्या लेकीला दिवस गेलेले नव्हते.

लेक वाघोलीला दिली आहे. जावई तिकडच्याच एका कंपनीत पाळीवर जातात. सासू आहे, पण तिचं अर्धं लक्ष गावाकडच्या धाकट्या मुलाकडे असतं, महिन्यातून दोनदा तिकडे जाते. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. आम्ही वाशिमकडचे. तिकडे सातव्या महिन्यात लेकीला आणतात, तिला काही करू देत नाहीत. पण माझ्या लेकीचं माहेर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत दिवसभर कोणीच नाही. तिचे वडील सकाळी सातला हडपसरच्या गोडाऊनला निघतात, मी त्यांच्या मागोमाग. बाळंतिणीला कुलूप लावून थोडंच जाता येतं. तेव्हा तीच म्हणाली, "राहू दे आई, मी इथेच राहते. तू फक्त फोन उचलत जा."

एवढंच मागितलं तिने. माझ्याकडून तेवढंही होत नव्हतं.

आमच्या दोघींची मिस कॉलची एक पद्धत आहे. ती शाळेत होती, मी नवी नवी कामाला लागले होते, तेव्हा बोलायला पैसे पडायचे. एक मिस कॉल म्हणजे घरी पोचले, सगळं बरं. दोन म्हणजे सवडीने फोन कर. लागोपाठ तीन म्हणजे असशील तशी नीघ. तीन आजवर दोनदाच आले होते. एकदा शेजारी गॅस पेटला तेव्हा, आणि एकदा तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा. आता महिन्याच्या रिचार्जमध्ये हवं तितकं बोलता येतं, तरी आमची ती सवय गेली नाही. तिलाही माझ्यासारखंच फार बोलता येत नाही.

माझा जुना फोन तिनेच सोडलेला, काच तडकलेला, एका सिमचा. त्या एका नंबरवर सगळं यायचं. ब्यूरोच्या मॅडम दिवसातून चार-पाचदा. आधी ज्यांच्याकडे काम केलं ती घरं, "मावशी, दोन दिवस याल का?" म्हणून. कर्ज घ्या, जागा घ्या म्हणणारे. आवाज चालू ठेवला असता तर तो कपाटावर दिवसभर वाजला असता. म्हणून बंद. आणि संध्याकाळी आठला जिना उतरताना बघायची, तर त्या सगळ्या गर्दीत लेकीचा एक मिस कॉल सकाळी दहाचा, एक दुपारचा. दहा तासांनी मी तिला विचारणार, काय झालं होतं गं?

ताईंना सांगायचं सोपं होतं. लेक गरोदर आहे, तिचा फोन आला तर उचलू द्या. एका वाक्याचं काम. मी ते वाक्य रोज येताना मनात घोकायची आणि दारात आलं की गिळून टाकायची. वाटायचं, ताई म्हणतील, आधीचीही अशीच काहीतरी कारणं सांगायची.

ब्यूरोच्या ऑफिसात सही करायला गेले तेव्हा तिथल्या एका मावशीने तिचा फोन दाखवला. दोन सिम. एक नंबर फक्त ब्यूरोला, एक फक्त घरच्यांना. कामाच्या नंबरचा आवाज बंद ठेवता येतो आणि घरच्याचा चालू. मला एकदम सुटल्यासारखं झालं. म्हणजे कोणालाच काही सांगायला नको. नियमही मोडल्यासारखा नाही. दिवसात वाजली तर एखादी घंटा वाजेल.

घरी ह्यांना सांगितलं. आमचे हे अजून गावाकडचंच बोलतात. म्हणाले, "एका सिमवर तुह्या तोंडातून शब्द निघत नाही, दोन सिम कायले पाहिजे?"

"पोरीसाठी," मी म्हणाले.

मग म्हणाले, "आठ हजारांच्या आत पाहा."

दुकान कामाच्या वाटेवरच आहे. ताई रविवारी बाईंकडे असतात आणि मी दुपारीच सुटते, म्हणून रविवारी गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. "बोला," म्हणाला. काचेखाली इतके फोन होते की माझी जीभच उचलेना. मी रिचार्ज सांगितलं, करून घेतलं आणि परत आले. जुन्याची मुदत अजून आठ दिवस होती.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्या वेळी चार्जरची वायर घेतली. माझी वायर चांगली होती.

तो म्हणाला, "मागच्या वेळी रिचार्ज, आज वायर. पुढच्या वेळी फोन घेणार की काय?"

ते टोचून बोलणं होतं. पण मला तेच दार सापडलं. मी म्हणाले, "हो."

"काय हो?"

"फोन. दोन सिमचा."

"अहो, सगळे दोन सिमचेच असतात आता. एका सिमचा मागितलात तर मला माळ्यावर चढावं लागेल." त्याने चष्मा खाली घेतला. "वापर काय?"

"कामाला आणि घरी."

"तो सगळ्यांचाच असतो. गेम? पिक्चर?"

"बीपीच्या मशिनचा फोटो काढायचा असतो," मी म्हणाले. "आकडे नीट दिसले पाहिजेत."

याला तो हसला नाही. तीन फोन काढून ठेवले. पहिला पातळ, निळा, मोरपिसासारखा चमकणारा. मला तोच आवडला होता. पण त्याने सिमचा खण बाहेर काढून दाखवला. "ह्यात दोनच घरं. दुसरं सिम घातलं तर मेमरी कार्डाला जागा नाही. कार्ड आहे तुमचं?"

कार्ड होतं. त्यात लेकीच्या लग्नाचे फोटो आणि तिच्या ओटीभरणाचे. तो फोन मी बाजूला सरकवला. दुसरा इतका जड की कमरेला खोचला तर साडी सुटावी. तिसरा काळा, साधा, अक्षरं मोठी करता येणारा, आवाज मोठा, आणि त्यात तीन घरं होती. दोन सिमची आणि एक कार्डाचं. आठ हजारांच्या थोडा आत बसला.

"बोटाने उघडतो हा," म्हणून त्याने माझं बोट त्याच्या कडेवरच्या बटणावर टेकवायला लावलं. फोन उघडेना. दुसरं बोट. तेही नाही. पुसून, कोरडं करून, दोन्ही अंगठे. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुमचं बोटच पुसलं गेलंय."

रेशनच्या दुकानातही माझ्या अंगठ्याचं हेच होतं. भांड्यांचा साबण, फिनेल, दिवसातून वीस वेळा धुतलेले हात. मी म्हणाले, "आकडेच ठेवा." लेकीची जन्मतारीख ठेवली.

नवीन नंबर मी ब्यूरोला दिला. जुना घराला ठेवला, कारण तो लेकीला पाठ आहे. एका सिमला त्याने मराठीत 'घर' असं नाव घातलं, दुसऱ्याला 'काम'. कामाला आवाज काहीच नाही. घराला देवळातली घंटा.

"आता दोन रिचार्ज लागतील, लक्षात ठेवा," तो म्हणाला. "एक विसरलात तर ते सिम मरतं."

दुसऱ्या दिवशी फोन चपलांच्या कपाटावर ठेवताना मी चोरासारखं आत बघून घेतलं. बाराच्या सुमाराला घंटा वाजली. मी धावत गेले. आमचे हे होते.

"लागला का?"

"लागला."

"मंग ठेव," म्हणाले, आणि त्यांनीच ठेवला.

आतून बाईंनी विचारलं, "कोणाच्या घरी आरती चाललीये भर दुपारी?"

"शेजारी असेल," मी म्हणाले. बाईंशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

तरी ते दहा-बारा दिवस बरे गेले. लेक रोज एक मिस कॉल द्यायची. एकदाच घंटा वाजायची आणि थांबायची, आणि माझ्या हातातलं काम हलकं व्हायचं. पोळी लाटताना, बाईंच्या पायाला तेल लावताना मी त्या एका घंटेची वाट बघायची. दमायला होतंच. पण संध्याकाळी जिना उतरताना पूर्वी जी धडधड व्हायची ती नव्हती.

मग तो मंगळवार आला. नववा महिना लागून आठवडा झाला होता. सासू गावाला गेलेली, जावयांची सकाळची पाळी. बाई अंघोळ करून पडल्या होत्या. मी बीपीचा फोटो काढून ब्यूरोच्या ग्रुपवर टाकला, आणि टाकल्या टाकल्या मॅडमचा फोन आला. फोन हातातच होता. उचलला.

मॅडम म्हणाल्या, रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत हडपसरला एका आजोबांकडे ड्यूटी आहे, दुसरी मावशी आजारी पडली, तुम्ही जा. माझा तो एकच अर्धा दिवस असतो. त्या रविवारी मी वाघोलीला जाणार होते, लेकीसाठी मेथीचे लाडू घेऊन. मी म्हणाले, "मॅडम, ते…" त्या म्हणाल्या, "तुमच्यावर भरवसा आहे म्हणून सांगते." मग आजोबांचं सगळं सांगितलं. डायपर, शुगर, सुनेचा स्वभाव, आधीच्या मावशीने कशी वाट लावली. मग ब्यूरो चालवणं किती अवघड झालंय ते. मी हं हं म्हणत होते. मला नाही म्हणता येत नाही आणि फोन ठेवताही येत नाही. वीस मिनिटं तरी झाली असतील. शेवटी त्या म्हणाल्या, "मग मी तुमचं नाव लिहिते," आणि मी शेवटचं हं म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा त्यावर इंग्रजीत एक मेसेज आला होता. मी चौथी शिकलेली, तेही मराठी शाळेत. इंग्रजी मेसेज आला की तो रिचार्जवाल्यांचा, असं समजून मी पुसून टाकते. तो पण पुसला.

दुपारी एकला घंटा वाजली. पूर्ण वाजत राहिली. लेक होती, आवाज थकलेला.

"आई, तुह्या दोन सिमचा फोन, अन् एकबी लागत नाही."

"लागतो की. कधी केला?"

"सकाळी. तीनदा. बाई बोलत होती, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे म्हणून. तू कुठी गेली होती बाहेर?"

मी कुठेच गेले नव्हते. मी त्याच चपलांच्या कपाटाशी उभी होते.

तिला सकाळी कळा सुरू झाल्यासारखं वाटलं होतं. पोट दगड झालेलं. तीन मिस कॉल द्यायला गेली तर एकही वाजला नाही. मग शेजारच्या काकूंनी रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, ह्या खोट्या कळा. घरी पाठवलं. सगळं ठीक होतं. ती मला रागावलीही नाही. रिक्षात काकूंनी तिला धरून ठेवलं होतं एवढंच सांगितलं आणि म्हणाली, "काकूंच्या साडीला घामाचा वास येत होता, तुह्यासारखाच."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं. मग बाईंना जेवायला वाढलं.

संध्याकाळी दुकानात गेले. दारातच म्हणाले, "फोन बिघडलाय." इतक्या मोठ्याने मी त्या दुकानात कधी बोलले नव्हते.

त्याने सगळं ऐकलं, फोन उलटसुलट केला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "काही बिघडलेला नाही. सिम दोन असली तरी फोनाला तोंड एकच. एका सिमवर बोलत असलात की तेवढा वेळ दुसरं झोपतं. समोरच्याला बाहेर आहे म्हणून सांगतं. नंतर कंपनी मेसेज पाठवते, अमक्याने फोन केला होता."

तो मेसेज मी पुसला होता, हे त्याला सांगितलं नाही.

"महागातल्यात असं होत नाही?"

"बहुतेक सगळ्यांत होतं. एक करता येईल. घरचा फोन कामाच्या नंबरवर वळवून देतो. मग तुम्ही बोलत असताना कानात टूं टूं वाजेल. ते वाजलं की पहिला फोन कापायचा आणि दुसरा घ्यायचा."

"कापायचा?"

"म्हणजे बोलणाऱ्याला थांबवायचं. एक मिनिट म्हणायचं. जमेल ना?"

मी त्याच्या काचेकडे बघत उभी राहिले. तो निळा मोरपिसाचा फोन अजून तिथेच होता. त्याने वळवून दिलं. पैसे घेतले नाहीत. पण घरी जाताना मला कळून चुकलं होतं की कान टूं टूं ऐकेल आणि तोंड हं हं म्हणत राहील. कोणाला काही सांगावं लागू नये म्हणून मी हा फोन घेतला, आणि सांगितल्याशिवाय तो चालणारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंचे केस विंचरत होते. बाईंचे केस विरळ, पण त्यांना वेणीच लागते. मी मागे उभी असते, त्या खिडकीकडे तोंड करून बसतात. त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच असेल, माझ्या तोंडून निघालं, "बाई, माझ्या लेकीला नववा महिना आहे."

"कोणाला?"

"माझ्या लेकीला. वाघोलीला असते."

बाई मान न वळवता म्हणाल्या, "दहा महिने माझे केस विंचरताय, आणि लेक आहे हे आज कळतंय. उद्या जावई आहे म्हणून सांगाल."

"जावई पण आहेत," मी म्हणाले.

त्या हसल्या. मग मी सगळं सांगितलं. दोन सिम, घंटा, आरतीचं खोटं, मंगळवार, रिक्षा. सांगताना वेणी घालून झाली होती, तरी मी ती सोडून पुन्हा घालत राहिले. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा बाई म्हणाल्या, "केस माझे आहेत, माळ जपल्यासारखे ओढू नका."

मी थांबले.

"अहो मावशी, त्या टिपॉयवर ते यंत्र आहे ना, ते काय मी शोभेला ठेवलंय?"

हॉलमध्ये लाल रंगाचा, वायरीचा फोन आहे. मी तो रोज पुसते. रिसिव्हर उचलून त्याच्या खालची धूळसुद्धा काढते. बाईंचा परदेशातला मुलगा रविवारी त्याच्यावर फोन करतो, बाकी सहसा वाजत नाही. तो फोन आहे हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. ती त्यांची वस्तू होती, टीव्हीसारखी.

"त्याचा नंबर द्या लेकीला. आणि ताईला मी सांगेन."

"नको बाई, मी सांगते," असं मला म्हणायचं होतं. म्हणाले नाही. त्यांनीच ताईंना फोन लावला. ताई पलीकडून इतक्या मोठ्याने म्हणाल्या की मलाही ऐकू आलं, "अगं, मग त्यांनी मला का नाही सांगितलं? मी काय राक्षस आहे?" मी कंगव्यात अडकलेले केस काढत बसले.

रविवारी हडपसरला मात्र मी गेले. ते नाही म्हणणं काही झालं नाही. आजोबा बिचारे गरीब होते, सून तितकी वाईट नव्हती. लाडूंचा डबा पिशवीतच राहिला, तो ह्यांनी सोमवारी पोचवला.

लेकीला लाल फोनचा नंबर सांगितला होता. पण तिने काय करावं? ती त्याच्यावरही मिस कॉल देऊ लागली. एकदा वाजायचा आणि बंद. त्या वायरीच्या फोनवर कोणाचा नंबर दिसत नाही. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "कोण टवाळ आहे?" दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला माहीत होतं कोण टवाळ आहे. मी लेकीला समजावलं, "अगं, हा वायरीचा फोन, याच्यावर बोलावं लागतं." ती म्हणाली, "तुह्या बाईनं उचलला तर मी काय बोलू? मले लाज वाटते."

आठ-दहा दिवसांनी सकाळी मी न्हाणीघरात बादली भरत होते. लाल फोन एकदा वाजून थांबला. पुन्हा वाजला, थांबला. माझ्या हातातली बादली खाली गेली. मी ओल्या पायांनी बाहेर आले तोवर तिसऱ्यांदा वाजला होता आणि बाईंनी उचलला होता. काठी टेकत, एकट्या उठून गेल्या होत्या.

"ठेवायचा नाही!" बाई फोनमध्ये ओरडल्या. वर्गात ओरडत असतील तशा. "कोण बोलतंय? मोठ्याने. हां. मावशींची लेक ना? रडू नकोस. कळा किती वेळाने येतायत? घड्याळ आहे का समोर? मग बघून सांग." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हाताने दाराकडे दाखवलं. "जा. ताईला मी बोलावते. ती येईपर्यंत मी या खुर्चीतून हलत नाही, वचन देते. ही पोरगी रिक्षात बसेपर्यंत मी बोलत राहते तिच्याशी."

मनपाच्या बसस्थानकापर्यंत एक बस आणि पुढे वाघोलीची दुसरी. दुसऱ्या बसमध्ये जागा मिळाली नाही. दांडीला धरून उभी होते तेव्हा लक्षात आलं, माझे पाय अजून ओले आहेत आणि चप्पल बाईंची घालून आले आहे.

दवाखान्यात पोचले तेव्हा लेकीला आत घेतलं होतं. शेजारच्या काकू बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने नर्सने मला आत बोलावलं. लेकीने माझं मनगट असं आवळलं की अजून त्या जागी दुखल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात कमरेला फोन थरथरला. कामाचं सिम. बाहेर जाऊन घेतला नाही, तिथेच घेतला, सवयीने. मॅडम म्हणाल्या, "मावशी, आजचा बीपीचा फोटो आला नाही. आणि त्या आजोबांकडे परत…"

"मॅडम, मी लेकीजवळ आहे," मी म्हणाले. "ठेवते."

आणि ठेवला.

नात झाली. अडीच किलोची, डोक्यावर भरपूर केस. दुपारी लेक झोपली. पोरगी माझ्या मांडीवर होती आणि मी मात्र फोनकडे बघत होते. मॅडमना राग आला असेल. आपण फार तोडून बोललो का? परत लावून माफी मागावी का? तासभर तेच डोक्यात. शेवटी पोरीने झोपेतच तोंड वेडंवाकडं केलं, मी तिचं दुपटं नीट केलं आणि फोन पिशवीत टाकला. बाईंना कळवायचं राहिलं होतं. त्यांच्या लाल फोनवर मी पहिल्यांदाच लावला. एकदा वाजला आणि मी सवयीने ठेवायला गेले.

"ठेवायचा नाही," पलीकडून बाई म्हणाल्या. "मुलगा की मुलगी?"